ओहोटीचं काम

ओहोटी लागली की उभादांड्याचा समुद्र
खाटेवरच्या आजाऱ्यासारखा पाय आखडून घेतो,
तेव्हा मी खाली उतरते, अनवाणी,
हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा.
रापण ओढून माणसं गेलेली असतात.
मागं उरतात पेडव्यांची खवलं, दोन कुत्री,
नायलॉनचे तुकडे, सोड्याच्या बाटलीची काच,
आणि गळ टाकणाऱ्यांच्या तुटक्या गऱ्या,
गंजलेल्या, वाळूच्याच रंगाच्या.
डोळ्यांना दिसत नाहीत त्या. तळव्यांना कळतात.

सुरुवात काही पुण्याईनं झाली नाही.
बोस्त्यांवच्या कुंपणावरून माझ्याकडे झुकलेला नीरफणस
मी रात्री उतरवला, आणि सकाळी
खुर्सावर हात ठेवून नाही म्हटलं.
कुमसाराच्या जाळीपलीकडून फादर इझिदोर म्हणाले,
फणस परत कर,
आणि ईस्टरपर्यंत रोज एक चांगलं काम.
लहानसं. कुणाला न सांगता.
फणसाच्या कापा तर आम्ही केव्हाच तळून खाल्लेल्या.
म्हणून चांगलं काम तेवढं सुरू केलं.

ईस्टरच्या आधीच फादरांची बदली झाली.
थांब म्हणायला कुणी उरलं नाही.
सव्वीस वर्षं झाली.

जनू कुबल होडीतून ओरडतो,
"काय गो कोंसू, सोना सांडला काय तुजा?"
मी म्हणते, "होय रे, गावला तर तुका अर्धा."

डॉक्टरनं जोडलेला पाय
लंगडत का होईना, नारळ घेऊन आभार मानायला येतो.
जो पाय कापलाच नाही
तो कशाला येईल? त्याला ठाऊकच नाही.
न झालेल्या जखमेची मेणबत्ती
कुठल्या सायबिणीपुढं कोण लावणार?

माझा जोकी बोटीवर गेला
आणि त्याचा फोन यायचा थांबला, त्या साली
मी डबा उंबऱ्यावर आपटला.
म्हटलं, देवा, मी तुझी एवढी पुळण राखते,
तुला माझं एक पोर राखवत नाही?
नऊ दिवस खाली गेले नाही.
कान मात्र तिकडेच. सांगायला लाज वाटते,
पण मी वाट बघत होते एखाद्या रडण्याची.
काहीच झालं नाही.
नऊ दिवस पोरं पाण्याकाठी नाचली,
कुणाला साधा ओरखडा नाही.

दहाव्या दिवशी पहाटे उठले.
का, ते नीट सांगता येत नाही.
राग गेला नव्हता. फोन आला नव्हता
(आला तो पुढं जूनमध्ये, पैसे मागायला).
घंटा वाजत होती, तीही माझ्यासाठी नव्हे,
पेस्तांवच्या मयताची.
एवढंच आठवतं, डब्याला कडेनं गंज चढू लागला होता
आणि मला ते बघवलं नाही.
त्या दिवशी चार मिळाल्या.

कधी वाकल्यावाकल्या मनात येतं,
कालवारीच्या टेकडीखाली आदल्या दिवशी
कुणी बाई असती, अशीच खाली मान घालून,
आणि एक खिळा उचलून तिनं ओच्यात टाकला असता.
खिळ्यांना काय तोटा? त्यांना दुसरा मिळाला असता.
तरी.

आता कंबर वाकते, पण उठायला वेळ लावते.
आज अवसेची मोठी ओहोटी होती.
सुरूंच्या बनाखाली, शाळेची पोरं
चपला काढून पळत सुटतात त्या जागी,
माझ्याच टाचेत गेली एक, काट्यापर्यंत.
बसले वाळूत. उलटी फिरवून काढली,
जनू मासळीच्या तोंडातून काढतो तशी.
रक्त पदरानं पुसलं, आणि हसूच आलं.
सव्वीस वर्षांत ही पहिली
जिचा हिशेब लागला.
डब्यात टाकली. वाजली.
मग उठले, आणि दुसरा पाय टाकला,
जरा जपून.