ओढीचं वजन

सोहार बंदराच्या काट्यावर अकरा वर्षं ट्रक मोजतेय.
भरलेला आत येतो, रिकामा बाहेर जातो,
मधली वजाबाकी म्हणजे माल.
त्यामुळे वजनातलं आपल्याला कळतं
असा एक समज होता.

गुरुवारी संध्याकाळी, शाळेच्या व्यायामशाळेत
भिंतीला धनुष्यं टांगलेली.
प्रत्येकाच्या खालच्या पात्यावर, आतल्या बाजूला, बारीक आकडा:
चौदा, अठरा, बावीस, अठ्ठावीस.
मी अठ्ठावीसकडे बोट दाखवलं,
फ्लॉवरचा गड्डा निवडावा तसं, मोठा बघून.

शमसाबाई हसल्या नाहीत.
पंचवीस वर्षं मुलींना कवायत शिकवलेली बाई.
म्हणाल्या, ओढ.
ओढलं. हनुवटीखाली आणलंसुद्धा.
आता थांब, म्हणाल्या,
आणि आपल्या भाषेत मोजू लागल्या.
वाहिद. इथनेन. थलाथा.
चारवर खांदा कानाला चिकटला,
पाचवर कोपर फडफडलं,
सहावर जे काही थरथरत होतं ते धनुष्य नव्हतं.

सोडू नकोस! त्या ओरडल्या.
बाणाशिवाय दोरी सोडली तर पाती फुटतात.
हळू परत आण.
परत आणणं ओढण्याहून अवघड असतं
हे मला माहीत होतं.
हातांना त्या दिवशी कळलं.

पलीकडे याकूब, वय सोळा, छत्तीस पौंड,
बाण पडद्यात, छताखाली, कुठेही.
त्याच्याकडे बघू नकोस, शमसाबाई म्हणाल्या,
धनुष्य त्याला ओढतंय.

आणि त्या आकड्यावरही जाऊ नकोस.
अठ्ठावीस इंच ओढणाऱ्यासाठी लिहिलेला असतो तो.
तुझे हात सव्वीसचे.
इंचामागे पौंडभर तरी उतरतं.
मग माझं खरं किती?
काटा हवा, त्या म्हणाल्या.

काटा माझ्या पर्समध्ये होता.
मूठ, पट्टा आणि लोखंडी आकडा,
बॅग उचलून तोलायचा.
जूनमध्ये त्यावरच चार वेळा तोलून
खजुराचे दोन डबे काढले, नचिकेतचे बूट ठेवले,
मग बूट काढले, मग पुन्हा ठेवले
आणि माझी सपाता तिथेच, पलंगाखाली राहिली.
तीस किलो. एक ग्रॅम जास्त नाही.

अठराच्या दोरीत आकडा अडकवला.
शमसाबाईंनी धनुष्य धरलं,
मी खुणेपर्यंत, सव्वीस इंच, खेचलं.
हिरव्या खिडकीत अंक नाचले, मग बसले.
सात किलो, वीस ग्रॅम.

विमानात हातातून नेऊ देतात तेवढं.
(वीस ग्रॅमचं कोणी काही म्हणत नाही.)
तीस किलो दरवर्षी मीच नेलेत, नाही असं नाही,
पण ते पट्ट्यावर ठेवून मोकळी होते.
रांगेत, जिन्यात, बार्शीच्या एसटीत मांडीवर
अंगाशी राहतात ते हे सात.

आमच्या भाषेत याला ओढ म्हणतात,
मी मोडक्या हिंदीत सांगितलं,
दोरी ओढण्यालाही, आणि घराकडे जीव जातो त्यालाही.
त्यांनी ऐकलं. माझी कोपर खाली दाबली.
साठ बाण न थरथरता गेले, म्हणाल्या,
की दोन पौंड वाढवू.
त्याआधी मागायचं नाही.

अठ्ठावीस मी स्वतःच जागेवर टांगलं.
पहिला बाण लक्ष्याच्या खाली, लाकडी पायात घुसला.
दुसरा काळ्या कड्यात.
तिसऱ्याचं सांगत नाही.

रविवारी काट्यावर सत्तेचाळीस टनांचा ट्रक आला.
पावती फाडताना पाठ दुखली,
मानेपाशी नाही,
थोडी खाली, फऱ्याच्या हाडाजवळ.
शमसाबाईंना फोन केला.
तिथेच ना? त्या म्हणाल्या. मग बरोबर आहे.