पुन्हा पहिल्या टाक्यापासून

रात्रीचे सव्वा अकरा. वोगुरच्या धक्क्यावरून
शेवटची बोट कधीच गेली, वारा तेवढा मागे राहिलाय.
मी रोकुर, दिवसा जहाजांच्या तारा जोडतो,
आत्ता बिरिताबाईंच्या स्वयंपाकघरात
नव्या लॅपटॉपच्या पोटात
एक जुना संगणक जन्माला घालतोय.

लोकरीची गिरणी बंद पडून नऊ वर्षं झाली.
विणायचं यंत्र भंगारात गेलं,
नमुने मात्र एका फाइलीत अडकून राहिले,
आणि ती फाइल उघडणारा प्रोग्रॅम
अठ्ठ्याण्णव सालच्या सिस्टिमशिवाय
कुणाशी बोलायला तयार नाही.

आधी म्हणाला, व्हर्च्युअलायझेशन बंद आहे.
बायोसमध्ये शिरून ते कुलूप काढलं.
मग काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ:
बूट होण्याजोगं काही सापडलं नाही.
खोटं नव्हतं. डिस्क जोडायलाच विसरलो होतो;
आडातच नाही, पोहऱ्यात कुठून येणार?

त्यानंतर मी उदार झालो,
दोन जीबी मेमरी देऊन टाकली.
इन्स्टॉलर उठला, दोन पावलं चालला
आणि तोंडावर आपटला.
तीनदा.
तासभर गेला हे कळायला
की त्या काळच्या जिवाला एवढी आठवण झेपत नाही.
थोडकी दिली, तर मुकाट चालू लागला.

बिरिताबाई समोर मोजा विणत होत्या.
वय एक्क्याऐंशी, चष्मा कपाळावर,
मधेच पावावर रुबार्बचा मुरंबा लावून
माझ्याकडे सरकवत होत्या,
जणू टक्केवारी त्या मुरंब्यानेच पुढे जाणार होती.

चाळीस. बासष्ट. एक्याण्णव. शंभर.
संगणक आपणहून बंद झाला, आपणहून उठला,
आणि विचारू लागला:
इन्स्टॉल करायचं आहे का?
मी 'हो' म्हटलं. पुन्हा चाळीस, पुन्हा बासष्ट.
पुन्हा शंभर. पुन्हा तोच प्रश्न.
ये रे माझ्या मागल्या.

"मघाशीही हेच विचारत होता ना?"
सुया न थांबवता त्या म्हणाल्या.
हो.
"मग तू दर वेळी तेच उत्तर का देतोस?"

मी पडद्याकडे पाहिलं. मग माझ्या हाताकडे.
डिस्क अजून आतच होती.
दर वेळी उठल्या उठल्या
बिचारा आधी तिलाच वाचत होता,
घर बांधून झालंय हे विसरून
पुन्हा पाया खणायला निघत होता.
जन्म केव्हाच झाला होता. नाळ कापायची राहिली होती.

काढली.

वाळूचं घड्याळ. किती दिवसांनी दिसलं.
मग हिरवट-निळा पडदा, कोपऱ्यात कचऱ्याची टोपली,
आणि सोळाच रंगांत, चौकोन चौकोन जोडून,
तो नमुना: काठाला लाटा, मधे आठ पाकळ्यांची चांदणी.
मला वाटलं, आता त्यांचे डोळे भरून येतील.

चष्मा नाकावर आला.
"सतरावी ओळ चुकली आहे.
पहिल्या दिवसापासून चुकलेली आहे.
गिरणीत सगळ्यांना सांगितलं, कुणी बदलली नाही.
मी सुईवरच सुधारून घ्यायची,
बत्तीस वर्षं.
सरक."

एका बोटाने, फार हळू,
त्यांनी एक चौकोन पांढऱ्याचा काळा केला.
सेव्ह कसं करायचं ते विचारलं.
मी सांगितलं, आणि वर एक स्नॅपशॉटही घेतला,
म्हणजे पुढे काही बिघडलं
तर हा क्षण जसाच्या तसा परत उभा करता येईल.
"असं माणसांचं करता येतं का?" असं त्या विचारतील
म्हणून उत्तर शोधत होतो.

त्यांनी वेगळंच विचारलं.
"हा आतला संगणक, त्याला ठाऊक आहे का
तो दुसऱ्याच्या आत आहे ते?"
नाही.
बिरिताबाईंनी सूत बोटावर गुंडाळलं,
टाच वळवायला घेतली.
"मग सांगू नकोस," म्हणाल्या.
"आत्ता कुठे उठलाय."