पाचशे अकरा ग्रॅम

एकतीस वर्षं मी वजनं तपासली.
सियागंज, मल्हारगंज, छावणीची धान्यमंडी.
लोखंडी वजनाच्या पोटात शिशाची एक टिकली असते,
तिच्यावर ठोकायचो सालाचा ठसा.
फकरुद्दीन बोहऱ्याच्या दुकानी कोणी हुज्जत घातलीच
तर तो वजन उलटं करून दाखवायचा,
देख लो भैया, सरकार खुद कह रही है.

माझ्या पेटीतली पितळी वजनं मात्र मखमलीत झोपायची.
बोट लावायचं नाही, चिमट्यानं उचलायची.
ती ठरल्या मुदतीनं भोपाळला जात,
भोपाळची दिल्लीला,
आणि दिल्लीचं ज्याच्याशी ताडायचं
तो किलो तिकडे फ्रान्सात, काचेच्या घंटेखाली.
ट्रेनिंगमध्ये एकदा विचारलं, त्याला कोण तोलतं, सर?
वर्ग हसला. चहा आला.

कुंदाच्या माहेरचे महाराज हसले नसते.
त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं
आणि उत्तराला परंपरा:
त्यांना त्यांच्या गुरूंनी, त्यांना त्यांच्या.
मला पेटी आठवायची. बोललो नाही.

रामकुंवरबाई बटला विकायची, मल्हारगंजच्या वळणावर.
अर्ध्या किलोच्या जागी नर्मदेचा एक गोटा,
पाण्यानं गुळगुळीत, मग तिच्या हातानं.
मी जप्त केला. पावती फाडली, पन्नास रुपये.
ती एवढंच म्हणाली, साब, तौल तो लेते.

ऑफिसात येऊन तोलला.
पाचशे अकरा.
म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाला अकरा ग्रॅम वरून,
किती वर्षं कोण जाणे.
रजिस्टरात लिहिलं, अप्रमाणित.
ते खरंच होतं.

महाराजांना सांगितलं, कार्तिकात,
सगळे उठून गेल्यावर.
नियम पाळलास, म्हणाले, तुला दोष नाही.
डोक्यावर हात ठेवला.
प्रसादाचं केळं मी तिथंच खाल्लं.
घरी आलो, ड्रॉवर उघडला,
गोटा तळहातावर घेतला.

दोष नाही, हे त्यांचं वजन झालं.
हाताला काहीतरी लागतच होतं,
अकरा ग्रॅमहून पुष्कळ,
आणि ते उचलायला माझ्याकडे चिमटा नव्हता.

परत द्यायला गेलो तेव्हा तिच्या तागडीत
नवीकोरी लोखंडी वजनं. फकरुद्दीनकडून, उधारीवर.
ठसा माझाच.
काटा बरोबर मधोमध आला
आणि मग तिच्या हातानं, तिच्याही नकळत बहुधा,
चार शेंगा वरून टाकल्या.
मी विचारलं, मेरी गलती थी क्या, बाई?
मुझे क्या पूछते हो साब, ती म्हणाली,
पत्थर तो तुम्हारे पास है.
आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

आता पेन्शन आहे. देवघरात महाराजांची तसबीर आहे,
कुंदा हार घालते, मी फुलं आणून देतो.
गोटा टेबलावर. कागद उडू नयेत म्हणून, असं सांगतो.
सकाळी चहाआधी एकदा उचलून बघतो.
कधी जड लागतो,
कधी नाही.
कालचा आकडा आज चालत नाही.