द्विवचन

रोझालिया बिझ्याक, वय एकसष्ट,
ल्युब्लियानाच्या संसदेत मुद्रितं तपासते.
तांबडी पेन्सिल कानामागे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर,
आणि मंत्र्यांबद्दल मत एकच:
"स्वल्पविराम कुठे द्यावा ते कळत नाही,
पूर्णविराम तर कोणी देतच नाही."

तिच्या भाषेत द्विवचन अजून जिवंत आहे.
आपण ते संस्कृतच्या तासाला घोकलं,
गुण मिळवले आणि विसरलो.
तिथे मात्र दोघं कॉफी प्यायला बसले
तरी क्रियापदाला कळतं.
तिसऱ्याने खुर्ची ओढली
की वाक्य सावरून बसतं.

त्या मार्चमध्ये युती झाली.
म्लाकार आणि बाई ओत्स्विर्क,
एकमेकांचं तोंड न पाहणारे,
एका व्यासपीठावर, एकाच माइकमध्ये:
"आम्ही दोघांनी बोगदा बांधला."
द्विवचनात. निर्दोष.
रोझालियाने पेन्सिल उचललीसुद्धा नाही.

नोव्हेंबरात बोगदा गळू लागला.

रात्री साडेनऊला सचिव आला,
तादेय नावाचा, पोरगेलासा, छत्री ठिबकत असलेला.
"जुन्या कार्यवृत्तात किरकोळ दुरुस्ती हवीय.
द्विवचनाचं अनेकवचन. दोन-तीन अक्षरांचा तर प्रश्न."
"मग बोगदा कोणी बांधला?"
"आम्ही सर्वांनी. म्हणजे लोकांनी. व्यापक अर्थाने."
"आणि नाताळपर्यंत?"
त्याने छताकडे पाहिलं.
"नाताळपर्यंत बहुधा एकवचन होईल. बाईंचं."

मी तिच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो.
हे सगळं तिने जिन्यात सांगितलं, काखेत कोबी धरून,
आणि विचारलं, तुमच्याकडे काय सोय आहे?

म्हटलं, द्विवचन नाही, पण 'आपण' आहे.
मतं मागताना आपण,
शपथ घेतली की आम्ही,
चौकशी लागली की ते.
अगदीच गळ्याशी आलं तर कर्मणी प्रयोग:
'बोगदा बांधण्यात आला होता.'
कोणाकडून, हे व्याकरण विचारत नाही.

ती इतकी हसली
की कोबी सुटला, पायऱ्या उतरत गेला.

"पण दुरुस्ती? केलीत?"
"त्याला विचारलं, घरी कोण असतं?
म्हणाला, बायको. आणि जूनपासून मुलगी.
म्हटलं, म्हणजे तुमचं द्विवचन जूनमध्ये गेलं.
रडलास?
लाजला. म्हणाला, एकदाच, पाळणा जोडताना.
छत्रीसकट घरी पाठवला."

मग जरा थांबून, कोबीच्या दिशेने बघत:
"डोळे दोन, हात दोन, आईबाप दोन,
पण त्यांना आम्ही अनेकवचनच लावतो.
जोडीनेच जन्माला आलं, त्याचं काय कौतुक?
त्या दोघांना मात्र
कोणी बळजबरी केली नव्हती."

तळाच्या पायरीशी कोबी सापडला.
उचलायला दोघंही एकदम वाकलो,
डोक्याला डोकं लागलं.
ती काहीतरी पुटपुटली, तिच्या भाषेत.
शब्द कळले नाहीत,
फक्त क्रियापदाचा शेवट ओळखला.
त्यात मी होतो.