मागची सीट आडवी केल्यावर

डीलर मायलेज सांगत राहिला.
हेलेधनं ऐकून घेतलं
आणि पर्समधून शिवणाची टेप काढली.

एकशे अठ्ठ्याहत्तर.
पुढचं चाक काढलं तर बसेल.
पेडल मात्र काचेला घासणार.

सायकल अजून घ्यायचीच आहे,
बाजारात तुरी!
गेथिन बाहेरच थांबलाय,
स्लेटच्या ढिगाऱ्यांवरचं धुकं बघत.

हार्डटेलच हवी तिला, मागे स्प्रिंग नको.
दुकानातल्या पोरानं विचारलंही,
एकोणसाठाव्या वर्षी? कंबरेचं काय?
दगड लागला तर कळायला हवा ना,
ती म्हणाली होती.

खटका ओढला, सीट सपाट.
फटीत अर्धं बिस्किट,
कुणाचा तरी इवलासा मोजा.
त्यांच्या जुन्या गाडीतली सीट
अकरा वर्षं उभीच आहे,
पट्टा लावायला कोणी नसताना.
मोजा तिनं होता तिथेच सारला.

टेप गुंडाळता गुंडाळता तिनं हाक मारली,
"दोन मावतील का रे?"

गेथिन आला. दुखरा गुडघा सांभाळत
आत वाकला, डोकं आपटलं,
हातानं वीत वीत मोजू लागला.

वर रॅक बसवता येतो,
डीलर म्हणाला.
कुणी ऐकलं नाही.