रिकाम्या जिगवरचा पास

कुपवाड एमआयडीसी, दुसरी पाळी.
मीटरला पहिला प्रश्न धाडला: तू कोण?
त्यानं कंपनी, मॉडेल, नंबर सांगितला
वर्गात नव्या आलेल्या पोरासारखा, एका दमात.

मग सात ओळी.
पाच व्होल्ट दे. थांब. करंट मोज.
आधी 'थांब' लिहायचंच राहिलं होतं;
वीज पोचायच्या आत आकडा मागितला,
त्यानं शून्य दिलं. चूक त्याची नव्हती.

साडेआठला पडदा हिरवागार: पास, पास, पास.
आवटीकाका डबा पुसत आले,
बावीस वर्षं प्रोब धरून
वहीत आकडे उतरवणारा माणूस.
चष्मा कपाळावर सारला.
"मेहरू, कार्ड लावलंयस कुठं?"

जिग रिकामं.
दोनशेच्या आत आहे का, एवढंच मी विचारलेलं.
काहीच नसणं
दोनशेच्या आतच बसतं.

काका हसले नाहीत.
"आमी आधी कार्डाचा नंबर लिवतो,
मग काट्याकडं बघतो."

आठवी ओळ घातली, सगळ्यांच्या वर:
हाय का कोण?
पडदा लाल.

काकांनी स्टूल ओढलं,
वहीचं मागचं पान काढलं,
"ही वरची ओळ सांग. सावकाश."