वर्तुळात एक आकडा

इथे मतपत्रिका म्हणजे घडी घातलेला पांढरा कागद,
आत एक वर्तुळ.
वर्तुळात पेन्सिलीनं उमेदवाराचा आकडा लिहायचा.
नाव नाही, चिन्ह नाही,
का, तेही नाही.

मी हेलसिंकीत पक्षासाठी वाक्यं लिहिते.
"जवळचा आधार, दूरची दृष्टी" हे माझंच.
बारा माणसं एका खोलीत बसवून त्यांना ते दाखवलं होतं,
नऊ जणांना उबदार वाटलं.

एप्रिलमध्ये मला उत्तरेला धाडलं, कुरकिवाराला.
चौकाच्या कडेला लोटलेला बर्फ अजून कमरेएवढा,
करडा, खडी मिसळलेला.
लोखंडी फळ्यांवर सगळ्या पक्षांचे चेहरे रांगेत,
दात सगळ्यांचे सारखे.
तंबूत रायमो पातेल्यात डाव फिरवत होता,
वाटाण्याचं सूप, थर्मासमधली कॉफी,
दर कपामागे एक पत्रक.
"लोक सगळ्याच तंबूंत सूप पितात," तो म्हणाला,
"मनावर घेऊ नको."

हिल्क्काबाईंनी पत्रक दोन्ही हातांनी धरलं,
औषधाच्या बाटलीवरचं वाचावं तसं वाचलं,
मग मागची बाजू,
मग पुन्हा पुढची.
"सहा चाळीसची बस कुठे आहे यात?"

पान तीन, मी म्हटलं, सार्वजनिक सेवांची पुनर्रचना...
"सहा चाळीसची. डायलिसिसला जाणारी.
फेब्रुवारीत बंद झाली.
आता तौनो सोडतो मला,
आणि तौनोला डाव्या डोळ्यानं दिसत नाही."
तौनो मागेच उभा होता. त्यानं मान हलवली,
म्हणजे हो,
किंवा सूप बरं आहे.

"माहीत नाही," मी म्हटलं.
थंडीत सगळ्याच शब्दांची वाफ होते,
पण या दोघांची मला दिसली.

जाताना तौनोनं पत्रकांचा गठ्ठाच मागितला.
अर्धं मिनिट मला बरं वाटलं.
"सौना पेटवायला," तो म्हणाला.
"पण हा तुमचा गुळगुळीत कागद नुसता धुमसतो.
पुढच्या खेपेला साध्यावर छापा.
समोरच्या तंबूतला बघा कसा भुरकन पेटतो."

रात्री प्रांतिक परिषदेची इतिवृत्तं चाळली.
सापडली बस. जोडपत्रात, खालून चौथी ओळ,
बाजूने मत देणाऱ्यांत आमचे तिघे.
म्हणजे आठ वर्षं मी लोकांच्या तोंडाला पानं पुसत होते,
चार रंगांत, एकशे सत्तर ग्रॅमची.

कार्यालयाला लिहिलं: घोषणा राहू दे.
गावागणिक एक ओळ द्या.
काय बंद झालं, कुणी केलं, आपला हात वर होता का.
वर असेल तर ते आधी.
सकाळी उत्तर आलं: मुद्दा छान आहे,
पण "आम्हीच बंद केली" यात ऊब नाही.

मग मी चाळीस पत्रकं उलटी केली आणि पेन्सिलीनं लिहिलं:
६.४० ची बस आमच्याही मतानं बंद झाली.
परत आणता येईल का, माहीत नाही.
विचारत राहीन.
खाली माझा नंबर.
रायमोनं एक वाचलं, काही बोलला नाही,
माझ्या वाडग्यात आणखी एक डाव ओतला.

दोन फोन आले. त्यातला एक चुकून.

मतदानाच्या रात्री रायमो मोजणीला बसला होता.
"आपल्या एकशे अठराला एकतीस," तो म्हणाला. "गेल्या वेळी चाळीस."
मग थोडा थांबून,
"आणि एक बाद."

वर्तुळात लिहिलं होतं ६.४०.
सहाही पक्षांची माणसं टेबलावर वाकली,
कुणीतरी चष्मा पुसला,
नियम वाचला गेला, असा उमेदवार नाही.
कागद बाजूच्या ढिगात ठेवला.
ढीग म्हणजे तोच एक कागद.

अक्षर कुणाचं, मी विचारलं.
"असं विचारत नाहीत," रायमो म्हणाला.
पलीकडे खुर्च्या उचलल्याचा आवाज.
"थरथरतं नव्हतं, एवढं सांगतो."